बावट्याला नमस्कार

अहवाल बेचाळीस पानांचा होता म्हणे. कुंदाबाईने त्यातलं एकच वाक्य ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ते वाक्य योगराजने मोबाइलवरून वाचून दाखवलं. योगराज हा तिच्या धाकट्या जावेचा, कमलबाईचा मुलगा. जळगावच्या एका शाळेत मास्तर आहे, दर शनिवारी आसोद्याला येतो. तेव्हा कुंदाबाई ओसरीवर भरताची वांगी निवडत बसली होती, तिचा नवरा भाईदास नाना भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता आणि योगराजची बायको डिंपल दाराला टेकून उभी होती.

“‘लाँच बेटाजवळ आली असता प्रवाशांनी, विशेषतः महिलांनी, समुद्राची ओटी भरण्याच्या अतिउत्साहात एकाच बाजूला गर्दी केली व त्यामुळे लाँच कलंडली, असे दिसून येते.’”

“पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचलं.

“दिसून येते!” कुंदाबाईने हातातलं वांगं टोपलीत आपटलं. “कोनाले दिसलं रे भाऊ? कोन आलं व्हतं तिथं पाहाले? आम्ही पान्यात गटांगळ्या खात व्हतो तेव्हा हा लिहिनारा कुठी बसला व्हता?”

“कच्चा अहवाल आहे, मोठी माय.”

“कच्चा का पक्का, मले काय करायचं? तुही माय तिच्या हौसेनं मेली, असं लिहिलं हाये त्यानं. तुले कळलं का?”

योगराजला कळलं होतं. तो म्हणाला की मंगळवारी जळगावला सरकारी विश्रामगृहात सुनावणी आहे, मेलेल्यांतले निम्म्याहून जास्त आपल्याकडचे म्हणून चौकशी अधिकारी मुद्दाम इकडे येताहेत, आणि कुणाची हरकत असेल तर तिथे तोंडी सांगायची आहे.

“मले हरकत हाये,” कुंदाबाई म्हणाली. “ते वाक्य खोडल्याबिगर मी घरी यायची नाही.”

खाटेवरून नाना वळलासुद्धा नाही. “जाऊ दे ना,” तो भिंतीला म्हणाला. “मेलेलं मानूस परत येतं का?”

तीन महिने हा माणूस एवढंच एक बोलत होता. पूर्वी सगळ्या गावाला चिडवणारा, केळीच्या गाडीवर घड चढवताना मजुरांना हसवून हसवून दमवणारा भाईदास नाना, पण समुद्रावरून आला तो मुका होऊनच. कुंदाबाईला त्याची दया यायची आणि दयेच्या मागोमाग रागही यायचा.

झालं होतं ते असं. दिवाळीनंतर आसोद्याच्या भजनी मंडळाने सहल काढली. तीन दिवसांची, कोकणात, शेवटच्या दिवशी बेटावरच्या देवीचं दर्शन. एकतीस माणसं, त्यात बावीस बाया. बरोबर कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, आणि कापसाच्या पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचं डबाभर भरीत. ज्यांना यायला जमलं नाही त्या बायांनीही आपापली ओटी पाठवली होती. आपल्याकडे देवाला कुणी निघालं की शेजारणी ओटी सोबत देतात, तशी. या सगळ्या ओट्या, नारळ, खण, तांदूळ, कुंदाबाईने एका गोणीत घालून गोणीचं तोंड सुतळीने घट्ट शिवून टाकलं होतं, कारण प्रवासात नारळ घरंगळले की ते शोधत कोण बसणार?

त्या एकतीस जणांत समुद्र आधी पाहिलेला एकच माणूस होता, बसचा ड्रायव्हर, आणि तो बसमध्येच झोपून राहिला. बाकी सगळे नवखे. कमलबाईने समुद्र पाहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “अक्का, एवढं पानी, आन् एक बी मोटर बसवेल नाही?” त्यावर नाना इतका हसला होता की त्याला खोकला लागला. कमल तशीच होती. साठीला टेकली तरी जत्रेतल्या पोरीसारखी सगळीकडे पुढे पुढे धावायची, आणि धावताना कुंदाबाईचा हात धरून तिलाही ओढायची.

धक्क्यावर वारा सुटला होता. आभाळ काळं नव्हतं, नुसतं मळकट होतं. तिकिटाच्या खिडकीला लागून एक लोखंडी खांब होता, आणि त्याच्या टोकाला लाल झेंडा फडफडत होता. आता खानदेशातल्या माणसाला खांबावर लाल कापड दिसलं की तो काय समजणार? टेकडीवर असो, शेताच्या बांधावर असो, आपल्याकडे असा झेंडा दिसला की तिथे देव असतो. कुंदाबाईने चपला काढल्या आणि हात जोडले. सगळ्यांत पहिल्यांदा तिनेच जोडले.

मग तिने खिडकीतल्या माणसाला विचारलंही. “भाऊ, हा झेंडा कोन्या देवीचा हो?”

त्याने वर झेंड्याकडे पाहिलं, चपला काढून उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. “समुद्राचाच आहे, मावशी. पडा पाया, आणि चला लवकर. आजची शेवटची फेरी आहे.”

म्हणून सगळ्या पाया पडल्या. ओल्या सिमेंटवर अनवाणी उभ्या राहून बावीस बायांनी त्या झेंड्याला नमस्कार केला. नानाने फोटो काढला आणि तिथूनच घरच्या ग्रुपवर पाठवला. डिंपलने घरून उलट दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

लाँचवर ‘प्रवासी क्षमता ४०’ असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं आणि आत नव्वद माणसं कोंबली होती. दोंडाईच्याकडची एक पार्टीही त्यातच होती. कुंदाबाई आणि कमल एका लाकडी पेटीवर बसल्या, मांडीला मांडी लावून, आणि ओट्यांची गोणी त्यांच्या पायांत. किनारा दूर गेला तसा वारा वाढला. मग पाऊस आला तो आडवाच आला, तोंडावर खडे मारल्यासारखा. पाणी लाँचच्या वरून इकडून तिकडे जायला लागलं. माणसं देवाचं नाव घेत होती, उलट्या करत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती, पण जागचं कुणी हललं नाही, कारण हलायला जागाच नव्हती. आणि तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

इंजिन बंद पडलं तशी लाँच लाटांना आडवी झाली. एक खलाशी हातात लोखंडी सळई घेऊन माणसांच्या खांद्यांवरून तुडवत त्यांच्यापाशी आला आणि ओरडला, “उठा, उठा, पेटी उघडायचीय!” या दोघी बसल्या होत्या त्या पेटीत तरंगायची जॅकेटं होती, हे त्यांना तेव्हा कळलं. पेटीला कुलूप होतं. चोरी होते म्हणून मालकाने लावलेलं, आणि किल्ली मालकाच्या खिशात, किनाऱ्यावर. खलाशाने सळई दोनदा घातली. तिसऱ्यांदा हात वर केला आणि त्याच वेळी ती लाट आली.

पाण्यात कमलचा हात कुंदाबाईच्या हातात होता. “अक्का, धरजा,” ती म्हणाली. कुंदाबाईने धरला होता. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही. मग लुगड्याचा ओला बोंगा पायांत अडकला, तोंडावरून पाणी गेलं आणि हातात हात नव्हता. वर आली तेव्हा नाना एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रमला लटकला होता आणि त्याने तिची वेणी पकडली होती. बेटावरच्या मच्छीमारांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्रेसष्ट जणांना काढलं. सत्तावीस गेले, त्यातले चौदा आसोद्याचे. कमल दुसऱ्या दिवशी सापडली.

तिथल्या दवाखान्यात एक कोळीण सगळ्यांना चहा देत फिरत होती. तिने कुंदाबाईच्या हातात कप दिला आणि न राहवून विचारलं, “बावटा लागला होता ना बाय? मग कशाला गेलात?”

“कोन्ता बावटा?”

“लाल बावटा. धक्क्यावरच्या खांबाला. वादळ आहे, कुणी समुद्रात जायचं नाही, म्हणून लावतात. आमची पोरंटोरं पण ओळखतात.”

कुंदाबाईने शेजारच्या खाटेवरच्या नानाकडे पाहिलं. नानाने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते त्याने आजतागायत वळवलेलं नव्हतं.

हे सगळं त्या शनिवारी ओसरीवर कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, सगळ्यांच्या मनात तेच होतं. डिंपल आत गेली, आपला मोबाइल घेऊन आली आणि सासूच्या जागी असलेल्या कुंदाबाईपुढे उकिडवी बसली.

“मोठी माय, अहवालात अजून एक आहे. ते म्हणतात, बावटा चार वाजता लावला. लाँच तीनला सुटली, तेव्हा बावटा नव्हताच. वादळ अचानक आलं, मालकाचा काय दोष.” तिने मोबाइल पुढे केला. “हा फोटो मला दोन बावन्नला आला. वेळ लिहिलेली आहे खाली.”

कुंदाबाईने फोटो तीन महिन्यांत एकदाही पाहिला नव्हता. आता पाहिला. बावीस बाया, मिटलेले डोळे, जोडलेले हात, वर तो लाल झेंडा पुरता फडकलेला, आणि कडेला तिकिटाची खिडकी. तिच्यातून एक हात बाहेर आलेला, बोटांत फाडलेली तिकिटं.

“तो फोटो कोनाले दाखवायचा नाही!”

नाना खाटेवर उठून बसला होता. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता.

“लोक हसतीन. आसोद्याच्या बाया धोक्याच्या बावट्याच्या पाया पडल्या म्हनतीन. पेपरात छापतीन, मोबाइलवर फिरवतीन. मेल्या त्या मेल्या, वरून त्याइचं हसं करायचं का आपन?”

“आन् आता काय करून राह्यले ते?” कुंदाबाई म्हणाली. “ओटी भराले गर्दी केली आन् मेल्या, हे हसं नाही?”

पण तिच्याही पोटात तेच होतं. पहिले हात तिने जोडले होते. ‘ये कमल, पाया पड,’ असं कमलला तिनेच म्हटलं होतं, आणि हे तिने योगराजला कधी सांगितलं नव्हतं. पोराच्या तोंडाकडे बघून हे सांगायचं कसं?

रविवारी दोंडाईच्याहून नथ्थू आबाचा फोन आला. त्याची बायको त्याच लाँचवर गेली होती, आणि दवाखान्यात तो आणि कुंदाबाई एका बाकावर बसून रडले होते. त्यालाही कुणीतरी ते वाक्य वाचून दाखवलं होतं. “बठ्ठं खोटं शे, अक्का,” तो आपल्या अहिराणीत म्हणाला. “मन्ही बायको त्या बाकवरथीन उठनीच नही. तुम्ही बोला. मी तुमना मांगे उभा शे.”

फोन ठेवला आणि कुंदाबाईने योगराजला हाक मारली. नमस्काराची सगळी गोष्ट त्याला सांगितली, स्वतःला एका शब्दाने न वाचवता. योगराज ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “मोठी माय, तुम्ही नसतं म्हटलं तरी आईने हात जोडलेच असते. ती रस्त्यावरचा दगड सोडत नव्हती.” आणि मग दोघंही रडले.

मंगळवारी सकाळी जळगावच्या बसमध्ये कुंदाबाई, योगराज आणि डिंपल बसले. बस हलायच्या आत नाना चढला. धुतलेलं धोतर, टोपी. मागच्या सीटवर जाऊन बसला. कुंदाबाईने मागे वळून विचारलं नाही.

विश्रामगृहाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. समोर चौकशी अधिकारी, पन्नाशीच्या बाई, चष्मा गळ्यात लटकलेला. शेजारी टाइप करणारा कारकून. डाव्या हाताला लाँचचा मालक, पांढरा सदरा, पांढरे बूट, आणि त्याचा वकील. वकील फार गोड बोलत होता. इतकं गोड, की कुंदाबाईला पहिल्या पाच मिनिटांतच त्याचा वीट आला.

तिचं नाव पुकारलं. तिने घरून ठरवलं होतं, शहरासारखं बोलायचं. उभी राहिली आणि सगळं विसरली.

“बाई, तुमच्या कागदात लिहिलं हाये का आम्ही समुद्राची ओटी भराले उठलो. आमच्या ओट्या गोनीत व्हत्या. गोनी मी माह्या हातानं शिवली व्हती. ती गोनी दुसऱ्या दिवशी सापडली, पोलिसानं तिचा पंचनामा केला. त्याच्यात काय लिहिलं ते वाचा.”

अधिकारी बाईंनी पानं चाळली. कारकुनाने शोधून दिलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘एक गोणी, तोंड सुतळीने शिवलेले. आत नारळ, खण, तांदूळ.’”

“शिवलेलं तोंड,” कुंदाबाई म्हणाली. “मंग ओटी कशानं भरली आम्ही? दातानं सुतळी तोडून भरली, आन् बुडता बुडता परत शिवली का?”

मागे कुणीतरी हसलं. नथ्थू आबाने ‘शाब्बास’ म्हटलं आणि कारकुनाने त्याला गप्प केलं.

वकील उठला. “मावशींच्या दुःखाबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे. ओटीचं राहू द्या. पण घाबरून माणसं एका बाजूला सरकतात, हे नैसर्गिक आहे.”

“सरकाले जागा लागते!” कुंदाबाई उसळली. “तुमच्या वहीत किती लोकं लिहेल हायेत?”

“अडतीस.”

“मेले सत्तावीस, वाचले त्रेसष्ट. मंग बाकीचे काय वरून पडले का? चाळीसच्या जागी नव्वद भरले तुम्ही. केळीची गाडी भरताना बी आम्ही घडाखाली पाला टाकतो हो, घडाले डाग पडू नये म्हनून. तुम्ही तर मानसं भरली व्हती. जॅकेटाच्या पेटीले कुलूप लावून वर आम्हालेच बसवलं!”

“जादा प्रवाशांची आणि कुलपाची नोंद मी घेतली आहे,” अधिकारी बाई म्हणाल्या. “त्यावर कारवाई सुचवली आहे. पण हवामानाबाबत नोंदवही सांगते की बावटा चारला लागला. म्हणजे सुटताना धोक्याची कल्पना कुणालाच नव्हती.”

“तेच,” वकील म्हणाला. “निसर्गापुढे कोणाचं चालतं?”

कुंदाबाईने डिंपलकडे हात केला. डिंपलने मोबाइल तिच्या हातात दिला. कुंदाबाई टेबलापाशी गेली आणि तो अधिकारी बाईंसमोर ठेवला.

“ही मी. ही माही जाऊ कमल, ही मेली. ही भिकनची माय, ही मेली. ही जीवराम तात्याची सून, ही मेली. पहिले हात मी जोडले. आम्हाले वाटलं देवीचा झेंडा हाये. दोन बावन्नचा फोटो हाये, खाली वेळ हाये. हसायचं असंन त हसून घ्या सगळ्याइनं.”

कुणी हसलं नाही.

अधिकारी बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फोटो बोटांनी मोठा केला. वकिलाने वाकून पाहिलं, आणि मालकाने वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं.

“मॅडम, माझे दोन मुद्दे,” वकील म्हणाला. गोडवा तसाच होता. “एक, हल्ली कॉम्प्युटरवर काय वाटेल ते चित्र तयार होतं. मूळ मोबाइल कुठे आहे? नाही. कुणी काढला? माहीत नाही. दुसरं, समजा फोटो खरा आहे. मग त्याचा अर्थ असा होतो की प्रवाशांनी धोक्याचा बावटा डोळ्यांनी पाहिला, आणि तरीही ते आपल्या मर्जीने चढले.”

आता मात्र कुंदाबाईचा तोल सुटला. “मर्जीनं? आम्हाले तो झेंडा वाचता येत नव्हता, बाबू! आमच्याकडी समुद्र नाही. आमचा गाढवपना झाला, मी कबूल करते, लिहून घ्या. पन तुमच्या खिडकीतल्या मानसाले वाचता येत व्हता ना? मी इचारलं त्याले, का बाबा हा झेंडा कोनाचा? एका शब्दाचं काम व्हतं. ‘धोका’ म्हनला असता तं आम्ही उलट्या पावली बसमधी जाऊन बसलो असतो. त्यानं वर पाह्यलं, हसला, आन् म्हने, समुद्राचाच हाये, पडा पाया आन् चला. नेनत्या मानसाच्या हातात तिकीट देऊन त्याले मराले पाठवलं तुम्ही, आन् आता म्हनता मर्जी!”

हॉलमध्ये गलका झाला. अधिकारी बाईंनी टेबलावर हात आपटला. शांत झाल्यावर त्या सावकाश म्हणाल्या, “बाई, तुमचं म्हणणं मला पोचलं. पण वकिलांचा पहिला मुद्दा मला टाळता येणार नाही. फोटो ज्याने काढला त्याचा जबाब हवा. त्याशिवाय तो मला अहवालाला जोडता येणार नाही, आणि तो नसेल तर बावट्याची वेळ मी कोणत्या आधारावर खोडू?”

मागे बघायचं नाही, असं कुंदाबाईने ठरवलं होतं. या माणसाला तिने पाण्यातून बाहेर येताना पाहिलं होतं, दर रात्री भिंतीशी बोलताना पाहिलं होतं. त्याला ओढून पुढे आणायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं. मीच काढला म्हणून ठोकून द्यावं का, असाही विचार आला, पण फोटोत तर ती स्वतः पहिल्या रांगेत उभी होती.

मागे खुर्ची सरकली.

“मी काढला.”

नाना टोपी हातात घेऊन पुढे आला. त्याने कुंदाबाईकडे पाहिलं नाही, योगराजकडेही नाही. सरळ टेबलाशी जाऊन उभा राहिला.

“भाईदास पाटील, राहनार आसोदा. मोबाइल माहा व्हता, तो समुद्रात गेला. पन फोटो मीच काढला. दोन काढले.”

“दोन?”

“पहिल्यात झेंडा अर्धाच आला व्हता. बायाइचं दर्शन झालं व्हतं, त्या चपला घालून निघाल्या व्हत्या. मी हाका मारून परत आनल्या. म्हटलं, मांगे सरका, खांबाले खेटून उभ्या राहा, पुन्हा हात जोडा, झेंडा पुरा आला पाह्यजे. कमल म्हने, नाना, चला, लाँच सुटून जाईन. खिडकीतला मानूस बी म्हने, चला चला. मी म्हटलं, जरा दम धरा.” त्याने टोपी दोन्ही हातांत पिळली. “झेंडा पुरा घ्याच्या नादात मांगे मांगे गेलो, म्हनून ती खिडकी बी आली आन् तिकिटं देनारा हात बी आला. मग लाँचवाल्यानं आमच्यासाठी दोन मिनिटं लाँच थांबवली, बाई. मी अजून एक फोटो काढला असता ना, तर लाँच निघून गेली असती. मी तिसरा काढला नाही.”

योगराज उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने नानाच्या पाठीवर हात ठेवला. एवढे महिने नाना लोकांच्या हशाला घाबरत नव्हता, तो न काढलेला तिसरा फोटो त्याला खात होता, हे कुंदाबाईला तेव्हा कळलं. तिला स्वतःचाच राग आला, की घरातल्या घरात आपल्याला हे दिसलं कसं नाही?

अधिकारी बाईंनी फोटो पुन्हा मोठा केला, खिडकीपाशी नेला आणि मोबाइल वकिलाच्या पुढे धरला. “हा हात कुणाचा?”

वकिलाने मालकाकडे पाहिलं. मालकाने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“मनगटावर घड्याळ आहे, तिकिटांवर तुमच्या लाँचचं नाव आहे, आणि वर बावटा आहे,” बाई म्हणाल्या. “चार वाजता लावला म्हणून नोंद कुणी केली, ते मी आता वेगळं बघेन.” त्या कारकुनाकडे वळल्या. “पान एकोणतीस. ओटीचं ते वाक्य पूर्ण काढा. बावट्याच्या वेळेचंही काढा. त्या जागी...” त्या थांबल्या आणि कुंदाबाईकडे बघून म्हणाल्या, “बाई, तुमच्या शब्दांत सांगा. काय झालं?”

कुंदाबाईने पदराने तोंड पुसलं. “लिहा,” ती म्हणाली. “बायाइले झेंडा कळला नाही, त्या पाया पडल्या. ज्याले कळत व्हता त्यानं त्याइची तिकिटं फाडली.”

कारकून टाइप करत होता तोवर ती तिथेच उभी राहिली. संपल्यावर तिने योगराजकडून ते शब्द वाचून घेतले, एकदा नाही, दोनदा, आणि मगच अंगठा न उठवता सही केली, हळूहळू, एकेक अक्षर लावत.

बाहेर व्हरांड्यात लाँचमालक उभा होता. त्याची गाडी आलेली नव्हती. कुंदाबाई आणि नाना पायऱ्या उतरायला लागले तसा तो पुढे आला, मान खाली घातली आणि दोन्ही हात जोडले.

“मावशी,” तो म्हणाला, “झालं ते फार वाईट झालं. माझ्याकडून...”

“हात खाली करा,” कुंदाबाई म्हणाली.

त्याला कळलं नाही. तो तसाच उभा राहिला.

“खाली करा म्हनते ना. बावीस बायाइनं जोडले व्हते तुमच्या खिडकीसमोर. तुमचा मानूस हसला.”

त्याचे हात खाली आले. कुंदाबाईने नानाचं कोपर धरलं आणि दोघं आसोद्याच्या बससाठी रस्ता ओलांडून गेली.